नकाशात आपली वस्ती कुठे?

आमच्या सोपाऱ्याहून निघालेली जुनी व्यापारी वाट कल्याणवरून नाणेघाट चढून जुन्नरला व पुढे पैठणला जात असे. घाटातल्या एका कोरीव लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. पठारावर कुठून चढायचे, दरी कुठे उतरते, पाणी कुठे लागते, हे इथल्या माणसांना दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. श्रेय मात्र मोजणी साहेबांना मिळाले.

विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. दख्खनच्या पठारावर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट डोंगरमाथ्यावर चढवला जाई. लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. इतिहासाने त्यांची नोंद ठेवली. एव्हरेस्ट यांचे नाव तर शिखराला मिळाले. पण ते यंत्र खांद्यावर वाहणारे, साखळी ओढणारे, निशाण धरून उन्हात उभे राहणारे खलाशी कोण होते? त्यांच्या नावाचे शिखर नाही.

नकाशात काय दाखवायचे, हे तो काढणारा ठरवतो. समोच्चरेषेवरून कड्याची उंची कळते. वस्ती गावकुसाबाहेर का, हे कळत नाही. सोपाऱ्याचा स्तूप लोकांच्या तोंडी 'बुरुड राजाचा कोट' होता. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केले, तेव्हा करंडक व बुद्धमूर्ती निघाल्या. नाव हरवले की वारसाही मातीखाली जातो.

आम्ही वकिली करतो म्हणून सांगतो, हा केवळ इतिहासाचा विषय नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने सरकारी नकाशा अचूक मानला. खटल्यासाठी मुद्दाम काढलेला नकाशा मात्र सिद्ध करावा लागे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही हीच तरतूद आहे. म्हणजे ज्याची वस्ती, विहार, दफनभूमी सरकारी नकाशात नाही, त्याच्याच डोक्यावर पुराव्याचे ओझे!

२०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे काढण्यावरील परवानगीची बंधने भारतीयांसाठी उठवली. तेव्हा बांधवांनो, आपल्या वस्तीचा नकाशा आपणच काढू या. पण तेवढ्यावर थांबू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, विकास आराखडा प्रसिद्ध झाला की मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या. बुलडोझर दारात आल्यावर नकाशा शोधून उपयोग नाही.

जय भीम!