जुनी स्पोर्ट्स बाईक घेण्यापूर्वी

बारावीचे निकाल लागले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. औषधाची चिठ्ठी हातात घेता घेता पालक विचारतात, मुलाला अठरा पूर्ण झाली, कॉलेजला जायला गाडी हवी म्हणतो. नव्या साध्या गाडीच्या पैशांत जुनी स्पोर्ट्स बाईक मिळते आहे, घेऊन द्यावी का? मुलाने आजवर फक्त आईची स्कूटर चालवलेली असते. हा प्रश्न खरे तर मिस्त्रीला विचारायचा. पण उत्तर चुकले, तर निस्तरायला डॉक्टरकडेच यावे लागते. म्हणून आजचे सदर या विषयावर.

यामाहाची आर-१५ ही गाडी आपल्याकडे २००८ साली आली. पुण्याजवळ चाकणला बनणारी केटीएमची ड्यूक २०० ही २०१२ साली आणि आरसी ३९० ही २०१४ साली बाजारात आली. शहरांत वापरून झालेल्या अशा गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या हाताने तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या आहेत. गाड्या वाईट नाहीत. मात्र त्या सरावलेल्या हातासाठी बनवलेल्या आहेत. घरच्या शंभर सी.सी.च्या गाडीची ताकद साधारण ८ अश्वशक्ती असते. आर-१५ ची १७ च्या आसपास, तर आरसी ३९० ची ४० च्या वर आहे. नुकतेच गिअर शिकणाऱ्याच्या हाती एवढी ताकद द्यायची का, हा पहिला विचार.

वेगाचा साधा हिशेब

वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, हे आपण शाळेत शिकलो. तेच दुसऱ्या भाषेत सांगतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून खाली पडणे. वेग ६० असेल तर ही उंची १४ मीटर होते आणि ८० असेल तर २५ मीटर, म्हणजे आठ मजली इमारत. गच्चीच्या कठड्यावर मुलगा बसला तर आपण ओरडतो. तोच मुलगा ८० च्या वेगाने गेला तर शेजाऱ्याला कौतुकाने सांगतो.

शिवाय समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर बोटे दाबली जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. आडवे आलेले कुत्रे किंवा ऊस भरून अंधारात उभी असलेली ट्रॉली तेवढी सवलत देत नाही.

त्यात नवशिक्याची एक नैसर्गिक सवय घातक ठरते. घाबरला की तो पुढचा ब्रेक सर्व ताकदीने आवळतो. साध्या गाडीचा ड्रम ब्रेक अशा वेळी थोडे चुकलेले सांभाळून घेतो. स्पोर्ट्स बाईकची डिस्क सांभाळून घेत नाही. पुढचे चाक जागच्या जागी अडकते, घसरते आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी गाडी आडवी होते. हे टाळण्यासाठी ए.बी.एस. नावाची यंत्रणा असते. ती चाक अडकू देत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना ती सक्तीची आहे. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ती नाही, आणि स्वस्तात मिळणाऱ्या गाड्या बहुधा त्याच काळातल्या असतात.

दवाखान्यात काय दिसते

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचीच संख्या ५० हजारांवर होती. हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासून आढळले आहे. यापेक्षा गुणकारी औषध माझ्या कपाटात नाही.

पण हेल्मेट सगळेच वाचवत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एकोणीस वर्षांचा एक मुलगा आणला होता. जुनी गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. वळणावर वाळूवरून घसरला आणि उजव्या खांद्यावर आपटला. हेल्मेट होते, डोके शाबूत राहिले. हाड कुठेच मोडलेले नव्हते. पण उजवा हात खांद्यापासून लुळा लोंबत होता. मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला जोराने ताणला गेला, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचे जाळे ताणते किंवा मुळासकट उपटले जाते. मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणांत ही दुखापत विशेष आढळते. अशा वेळी मालिश आणि काढे यांत महिने घालवू नयेत. नसांची शस्त्रक्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत झाली, तरच तिचा चांगला उपयोग होतो. या मुलाला वेळेवर पुण्याला पाठवले. कोपर वाकवण्याइतकी ताकद परत आली. बोटांत मात्र आली नाही. तो आता डाव्या हाताने लिहितो.

तिसरी नेहमीची दुखापत नडगीची. तिथे हाडावर मांस कमी, त्यामुळे मोडलेले हाड कातडी फोडून बाहेर येते, जखमेत माती जाते आणि जंतुसंसर्ग होतो. पोरगा वर्षभर कुबड्यांवर आणि बाप कर्जात, असे चित्र आमच्या परिचयाचे आहे.

न पडताही होणारा त्रास

या गाड्यांचे हँडल खाली आणि पायटे मागे व उंच असतात. चालवणारा पुढे झुकतो. शरीराचा भार मनगटांवर येतो आणि रस्ता पाहण्यासाठी मान वर उचलून धरावी लागते. रोज वीस-तीस किलोमीटर जाणाऱ्याला मानदुखी, कंबरदुखी आणि बोटांना मुंग्या येणे सुरू होते. मनगटातून जाणारी नस दाबली गेली की अंगठा व शेजारची बोटे बधिर होतात. तळहाताच्या कडेची नस दाबली गेली की करंगळी बधिर होते. गुडघ्यांनी टाकी धरून बसावे, कोपरे सैल ठेवावीत, भार हातांवर न टाकता पोटाच्या व पाठीच्या स्नायूंवर घ्यावा आणि तासाभराने उतरून पाय मोकळे करावेत. गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल, तर दुखणे अंगावर काढू नये.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गाडी एकट्या मुलाची नसते. तिच्यावर आजीला दवाखान्यात न्यायचे असते, बहिणीला एस.टी. स्टँडवर सोडायचे असते. मागची सीट उंच, अरुंद आणि उतरती. कित्येकदा आधीच्या मालकाने हौसेने मागची कडी आणि साडी-गार्डही काढून टाकलेले असते. साडी किंवा ओढणी चाकात अडकून झालेल्या दुखापती मी पाहिल्या आहेत. हे दोन्ही परत बसवल्याशिवाय कुणाला मागे बसवू नये.

स्वस्त आहे, ती का?

चांगली गाडी कुणी फुकट देत नाही. किंमत उतरलेली असते, तेव्हा टायर, ब्रेक, चेन यांचा खर्च आधीच्या मालकाने पुढे ढकललेला असतो, किंवा गाडी पडलेली असते. नवे स्टिकर आणि चकचकीत प्लास्टिक खालचे वाकलेपण झाकते. म्हणून ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्यावे आणि दिवसाउजेडी एवढे तरी पाहावे.

टायर: बाजूला चार आकडे लंबगोलात कोरलेले असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात आणि ओल्या रस्त्यावर ते पकड सोडते. गोटा झालेल्या टायरविषयी तर बोलायलाच नको.

पडल्याच्या खुणा: हँडलची टोके, क्लच-ब्रेकच्या दांड्या, पायटे आणि सायलेन्सर यांच्या कडा घासलेल्या आहेत का? मागे उभे राहून पाहिले असता दोन्ही चाके एका रेषेत दिसतात का? मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवताना गाडी एका बाजूला ओढते का? ओढत असेल तर सौदा तिथेच सोडावा.

ब्रेक आणि शॉकअप: ब्रेकची दांडी दाबल्यावर स्पंजासारखी लागू नये. ब्रेक ऑइल काळे पडलेले नसावे. ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते. पुढच्या शॉकअपवर तेल ओघळलेले नसावे. ए.बी.एस. असेल, तर चावी फिरवल्यावर त्याचा दिवा लागून गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. दिवा मुळीच लागत नसेल, तर तो कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

आता पैशांचा हिशेब. समजा घरात साठ हजार रुपये आहेत, तर गाडी साठ हजारांची बघू नये, पंचेचाळीसची बघावी. उरलेल्या पंधरात दोन्ही टायर, ब्रेक पॅड, चेन आणि आय.एस.आय. खुणेचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट घ्यावे. गाडीबरोबर फुकट मिळालेले जुने हेल्मेट वापरू नये. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट आतून निकामी झालेले असते आणि ते बाहेरून कळत नाही. पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल, तर चांगले हेल्मेटही अपघातात डोक्यावर टिकत नाही.

कागदांचेही आरोग्य

कागदपत्रे हा माझा विषय नव्हे. पण दवाखान्याचे बिल भरायच्या वेळी तोच विषय निघतो. चासी व इंजिन नंबर आर.सी.शी जुळवून पाहावेत, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते पाहावे आणि आर.टी.ओ.त नाव लगेच बदलून घ्यावे. मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो नोंदणीकृत मालकालाच लागू होतो आणि त्याच्याकडे वैध लायसन असावे लागते. गाडी जुन्या मालकाच्या किंवा वडिलांच्या नावावर राहिली आणि हात मुलाचा गेला, तर या विम्यातून मुलाला काही मिळत नाही. चालवणार त्याच्याच नावावर गाडी असावी.

अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी तर गिअरची गाडी देऊच नये. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

गाडी घेतल्यावर

पहिले तीन महिने काही पथ्ये पाळावीत. रविवारी सकाळी बाजार समितीच्या मोकळ्या आवारात २०, मग ३०, मग ४० च्या वेगाने ब्रेक लावण्याचा सराव करावा. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि पुढचा हळूहळू दाबत न्यावा. मागे मित्र बसवू नये. रात्री हायवेला जाऊ नये. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि चिखल यांचा साबण होतो, त्या दिवशी गाडी घरीच ठेवावी. बूट आणि जाड पँट ही चैन नव्हे.

पडल्यावर डोक्याला मार लागला आणि मुलगा बोलतो-चालतो आहे, म्हणून निर्धास्त राहू नये. कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटली असेल, तर काही तास माणूस ठीक वाटतो आणि मग बेशुद्ध होतो. पहिले चोवीस तास लक्ष ठेवावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, कानानाकातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करून सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. अपघाताच्या जागी हेल्मेट ओढून काढू नये. श्वास अडकत असेल तरच एकाने मान धरून व दुसऱ्याने हलक्या हाताने काढावे. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कुणी पुढे जाऊ नये.

तर, घेऊन द्यावी का? माझा सल्ला असा. पहिले वर्ष शंभर-सव्वाशे सी.सी.ची साधी गाडी चालवू द्यावी. ती जुनी घेतली तर वर्षाने फारसा तोटा न होता विकता येते. त्या वर्षात हात बसला, एक पावसाळा आणि एक उसाचा हंगाम सुखरूप गेला, तर मग दीडशे सी.सी.ची, एप्रिल २०१९ नंतरची, ए.बी.एस. असलेली गाडी मिस्त्रीला दाखवून घ्यावी. चारशेच्या घरातली गाडी पहिली म्हणून मुळीच नको. मुलगा रुसेल, रुसवा आठ दिवसांत जातो. आणि आज घरात आधीच गाडी आली असेल, तर संध्याकाळी तिच्या टायरवरचे ते चार आकडे मुलासोबत बसून वाचावेत.