तंबोरा विमानात फुटतो का?

माझ्याकडे शाळेत विज्ञान शिकलेला एक विद्यार्थी पुढे गाण्याकडे वळला. काही वर्षांपूर्वी जानेवारी महिन्यात तो मैफलींसाठी मुंबईहून शिकागोला गेला. बरोबर मिरजेहून मुद्दाम करवून घेतलेला पाच फुटी तंबोरा होता. पोचल्यावर पेटी उघडली तर तंबोरा जसाच्या तसा. पाचव्या रात्री मात्र खोलीत 'टण्ण' असा आवाज झाला. दिवा लावून पाहतो तो तबलीला उभी चीर! मैफल दोन दिवसांवर आलेली. त्याने मला फोन केला. "सर, विमानात हवेचा दाब कमी असतो ना? त्यानेच तबली कमजोर झाली असणार. विमान कंपनीकडे भरपाई मागू का?"

प्रश्न चांगला होता आणि वर्गात घेण्याजोगाही होता. आपण तो पायरीपायरीने सोडवू.

विमान साधारण १० ते ११ किलोमीटर उंचीवरून उडते. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाव पट असतो आणि तापमान उणे ५० अंश सेल्सियसच्या आसपास. अशा हवेत माणूस तग धरणार नाही, म्हणून विमानात हवा दाबून भरतात. तरी आतला दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत. तो जास्तीत जास्त २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा, म्हणजे सुमारे पाऊण पट उतरू देतात. सामानाचा कप्पा प्रवाशांच्या पायाखाली असतो आणि तिथेही दाब हाच असतो. 'खाली सामानात दाब नसतो' ही समजूत सर्रास आढळते, पण ती चुकीची आहे.

म्हणजे दाबात पाव वातावरणाचा फरक पडतो. हा थोडा म्हणायचा की फार? घाट चढून महाबळेश्वरला गेलेल्या मुलांना विचारा. खाली घेतलेली चिवड्याची बंद पिशवी वर जाईपर्यंत टम्म फुगलेली असते, आणि तिथे तर दाबातला फरक याहून कमी असतो. आता समजा, तंबोऱ्याचा भोपळा पूर्ण हवाबंद आहे आणि तबलीचा व्यास ३५ सेंटिमीटर आहे. तिचे क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटरपेक्षा किंचित कमी भरते. पाव वातावरण म्हणजे चौरस मीटरवर सुमारे २५,००० न्यूटन. गुणाकार केला की तबलीवर आतून अडीचशे किलो वजनाचा रेटा येतो. चार माणसे तबलीवर उभी राहण्यासारखेच हे! ती टिकायची नाही.

पण चिवड्याच्या पिशवीला वाट नसते, तंबोऱ्याला असते. त्याची दांडी पोकळ असते आणि खुंट्यांच्या भोकांतून हवा सहज ये-जा करते. विमानातला दाब झटकन पडत नाही, वीसपंचवीस मिनिटे घेऊन हळूहळू उतरतो. तेवढ्या वेळात आतली हवा निघून जाते आणि आतबाहेर दाब सारखा राहतो. दाब निर्दोष सुटला.

खेळाडूंनाही हीच भीती असते. विमानात बसण्याआधी फुटबॉलमधली हवा काढून टाका, असे त्यांना हमखास सांगितले जाते. चेंडू हवाबंद असतो, त्यामुळे इथे शंका रास्त आहे. पण आकडे पाहा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.८ वातावरणाने जास्त असेल, तर विमानात हा फरक १.०५ होईल. फुटबॉलच्या नियमांनुसार ०.६ ते १.१ हा फरक चालतो. म्हणजे चेंडू सामन्यालासुद्धा चालेल इतपतच घट्ट झाला. हवा काढली की पिशवीत जागा वाचते, हे मात्र खरे.

मग थंडी? पोलादी तार थंड झाली की आखडते. पुरुषाच्या तंबोऱ्याची जोडीची तार काळी एकला लावली तर ती सेकंदाला सुमारे १३८ कंपने करते. एक मीटर लांबीच्या तारेसाठी हिशेब केला तर ताणामुळे ती सुमारे ३ मिलिमीटर लांब झालेली असते. तापमान २० अंशांनी उतरले तर ती पाव मिलिमीटर आखडू पाहते. लाकडी दांडीही थोडी आखडते. उरलेल्या फरकाने तार अर्ध्या स्वराच्या साधारण निम्म्याने चढते. गवयाला हे टोचेल, पण यातून तबली फुटत नाही.

आदळआपट मात्र खरी वैरीण. चारही तारा मिळून तंबोऱ्यावर वीसेक किलोचा ताण कायम असतो. त्यात पेटी मीटरभर उंचीवरून पडली तर ती सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने जमिनीवर येते. थांबायला ५ मिलिमीटर अंतर मिळाले तर ४ किलोच्या तंबोऱ्याला सरासरी ८०० किलो वजनाएवढा धक्का बसतो. तेच ५ सेंटिमीटर फोम असेल तर ८० किलो. पेटीच्या आत फोम का हवा, हे या दोन आकड्यांत आले. तारा चारपाच स्वर उतरवून ठेवतात तेही यासाठीच. अगदी सैल करू नयेत, कारण मग घोडी जागची हलू शकते.

तंबोरा जवळ घेऊन बसता आले तर आदळआपट टळेल, पण त्याची मापे आड येतात. बऱ्याच विमान कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा घालतात. पाच फुटी तंबोऱ्याच्या पेटीची बेरीज सव्वादोनशेच्याही पुढे जाते. अमेरिकेत २०१२ साली याविषयी कायदा झाला. त्यानुसार जागा असेल तर लहान वाद्य प्रवाशाला आत नेता येते आणि मोठे वाद्य ३८१ सेंटिमीटर बेरजेपर्यंत व ठरावीक वजनापर्यंत सामानात स्वीकारावे लागते. चेलोवादक तर वाद्यासाठी वेगळे तिकीट काढतात आणि शेजारच्या आसनावर त्याला पट्टा बांधून बसवतात!

आपला तंबोरा मात्र शिकागोत सुखरूप उतरला होता. पाच दिवस काही झाले नाही. इथेच खरी खूण सापडते.

पावसाळ्यात घराचे दार अडकते आणि उन्हाळ्यात मोकळे होते. लाकूड हवेतली वाफ शोषते आणि सोडते, त्याबरोबर फुगते आणि आखडते. ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, रेषांच्या आडव्या दिशेने बदलते. आता हिशेब करू. जानेवारीत मुंबईची हवा २५ अंशांना ६० टक्के दमट धरली तर एका घनमीटरमध्ये सुमारे १४ ग्रॅम वाफ असते. शिकागोत बाहेर उणे ५ अंशांना अडीच ग्रॅमच. ही हवा घरात घेऊन २२ अंशांपर्यंत तापवली तरी वाफ अडीच ग्रॅमच राहते. २२ अंशांना हवेत १९ ग्रॅमच्या वर वाफ मावते, म्हणून आर्द्रता जेमतेम १३ टक्के होते. विमानातली हवाही इतकीच कोरडी असते. बाहेरच्या उणे ५० अंशांच्या हवेत वाफ जवळपास नसतेच. आत जो थोडा दमटपणा असतो तो मुख्यतः प्रवाशांच्या श्वासाचा आणि घामाचा.

मुंबईत लाकडात वजनाच्या ११ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. शिकागोच्या त्या खोलीत ते हळूहळू ३ टक्क्यांकडे जाऊ लागते. पाणी एक टक्का घटले की लाकूड आडवे साधारण पाव टक्का आखडते (लाकडाच्या जातीनुसार हे कमीजास्त होते). चार टक्के घट झाली तर ३५ सेंटिमीटरची तबली साडेतीन मिलिमीटर आखडू पाहील. पण ती चिकटवलेली असते कडू भोपळ्याच्या टणक कवचाला, जो पंढरपूर परिसरातून मिरजेला येतो आणि तबलीइतका आखडत नाही. तबली आखडू पाहते आणि कडा धरून ठेवतात. शेवटी ती रेषेवर उभी फाटते. विमानातले वीसेक तास, तेही बंद पेटीत, यासाठी अपुरे पडतात. तापवलेल्या खोलीत उघडा ठेवलेला तंबोरा पाच दिवसांत तिथे पोचला.

ढोलकीवाला कार्यक्रमाआधी ढोलकी विस्तवावर शेकतो, तेही हेच शास्त्र. दमट कातडे सैलावते, कोरडे होताच ताणले जाते आणि सूर चढतो. थंड देशात तबल्याचा सूर आपोआप चढतो तो म्हणूनच.

विद्यार्थ्याने भरपाई मागितली नाही. ती मैफल त्याने मोबाईलमधल्या तंबोऱ्यावर निभावली. चीर मिरजेच्या कारागिराने बुजवून दिली. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) पुढच्या हिवाळ्यात जाताना त्याने भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज पिळून घातला आणि ती डबी पेटीत खुंट्यांपाशी ठेवली. तिथे तो पेटी दिवसभर बंद ठेवी, फक्त रियाजापुरती उघडी आणि एक दिवसाआड स्पंज भिजवी. परतताना मुंबईत पेटी दोनतीन तास न उघडता ठेवायला मी सांगितले होते. थंड वाद्यावर दमट हवा लागली की चष्म्यावर साचते तशी वाफ साचते. त्याने तास मोजले, पण घरी आल्याआल्या त्याच्या लहान मुलीने पेटी उघडून ठेवली होती. तबलीवर बारीक थेंब दिसत होते. त्याने ते कोरड्या फडक्याने टिपून घेतले.