क्षणचित्र म्हणजे प्रत नव्हे

डिस्कचे विभाग एकदा पाडले म्हणजे त्यांच्या सीमा हलविणे कष्टाचे होते. ही अडचण दूर करण्यासाठी लिनक्स प्रणालीत एलव्हीएम ही व्यवस्था आहे. तिचे मूळ लेखन हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ च्या सुमारास केले. तीत अनेक डिस्कांची जागा एका समूहात आणून तिचे साधारणतः ४ मेबिबाइटांचे तुकडे करतात, आणि हवे तितके तुकडे जोडून तार्किक खंड सिद्ध करतात. हे तुकडे सलग असावे लागत नाहीत.

या व्यवस्थेचे जे अंग विशेष उपयुक्त, त्याविषयीच गैरसमज फार. ते म्हणजे खंडाचे क्षणचित्र. व्यवहारात त्यास स्नॅपशॉट म्हणतात. १०० गिबिबाइटांच्या खंडाचे क्षणचित्र काही क्षणांत तयार होते. यावरूनच, त्या वेळी मजकूर उतरून घेतला जात नाही हे उघड व्हावे. पुढे मूळ खंडातील एखाद्या जागी प्रथमच नवे लेखन होऊ लागले, की तेथील जुना मजकूर आधी क्षणचित्राच्या राखीव जागेत उतरवला जातो. जेथे बदल झालेला नाही, तेथील मजकूर मूळ खंडातूनच वाचला जातो. तीच जागा पुढे दहा वेळा बदलली तरी राखीव जागा एकदाच खर्ची पडते. यास्तव लेखन किती झाले यापेक्षा किती निरनिराळ्या जागी झाले, हे पाहावयाचे.

समजा, राखीव जागा १० गिबिबाइट आहे आणि ताशी ३ गिबिबाइट नवी जागा बदलते. चौथ्या तासातच राखीव जागा संपेल. मूळ खंडाचे काम अव्याहत चालेल. क्षणचित्र मात्र निकामी होईल, आणि त्यावरून पाच तास चालणारी नक्कल मध्येच वाया जाईल. जागा आपोआप वाढविण्याची सोय आहे, परंतु मूळ मांडणीत तिची मर्यादा १०० टक्के, म्हणजे ती बंदच असते! प्रथम ती बदलावी हे बरे.

‘थिन’ पद्धतीत प्रत्येक क्षणचित्रास वेगळी राखीव जागा लागत नाही. सर्वांचा साठा एकच. तथापि तो साठा संपला, तर त्यातील सर्वच खंडांचे नवे लेखन अडते.

डिस्क बिघडली तर मूळ खंड आणि क्षणचित्र दोन्ही एकदमच जातात. म्हणून क्षणचित्रावरून खरी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि ती पूर्ण होताच ‘एलव्हीरिमूव्ह’ आज्ञेने क्षणचित्र काढून टाकावे. ते असेपर्यंत नव्या जागेवरील प्रत्येक लेखनाबरोबर जुना मजकूर उतरविण्याचे जादा काम डिस्कवर पडत राहते.