घरीं बांधलेलें विमान

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या एका विद्यार्थ्यानें वर्गांत उभें राहून मला विचारलें, "सर, विमान घरीं बांधतां येतें काय?" "येतें," असें मीं सांगतांच त्याच्या मुद्रेवर जो आनंद उमटला, तो पाहून माझ्या मनांत थोडी धास्तीच उत्पन्न झाली. कारण प्रश्न तेथेंच संपत नाहीं. विमान बांधतां येतें. पण तें निर्धोक आहे हें बांधणाऱ्यास कसें कळावें? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर कित्येकांनीं आपले प्राण देऊन मिळविलें आहे. तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावें, म्हणून हा लेख.

फ्रान्समध्यें आंरी मिन्ये नांवाचा एक हौशी गृहस्थ होता. नेहमींच्या विमानाचे दांडे व पावट्या एकाच वेळीं सांभाळणें त्यास जमेना; म्हणून त्यानें अगदीं सोप्या घडणीचें एक चिमुकलें विमान योजिलें. १९३३ सालीं तें उडालें. एक पंख पुढें व एक मागें. वर चढण्यास किंवा खालीं उतरण्यास पुढचा पंख दांड्यानें कलता करावयाचा, आणि वळण्यासाठीं शेवटीं एक मोठें सुकाणू. एवढाच काय तो पसारा. इंग्रजींत तें 'फ्लाइंग फ्ली' म्हणजे 'उडती पिसू' या नांवानें प्रसिद्ध झालें. १९३४ सालीं मिन्येनें बांधणीची सर्व कृति पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. ज्यास लांकडी खोकें ठोकतां येतें त्यास हें विमानही बांधतां येईल, असा त्याचा भरंवसा होता. १९३५ च्या ऑगस्टमध्यें तो स्वतः आपल्या पिसवेंत बसून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडांत उतरला. मग काय विचारतां! दोन्ही देशांत लोक फावल्या वेळीं करवत व रंधा घेऊन पिसवा बांधूं लागले.

लवकरच अपघातांच्या वार्ता येऊं लागल्या. विमान उडतां उडतां नाक खालीं करी, आणि तसेंच सरळ जमिनीवर आदळे. चालकाच्या अंगीं कौशल्य नसेल, असें प्रथम लोकांस वाटलें. परंतु १९३६ सालीं ब्रिटनमध्यें या विमानांतून जे मृत्युमुखीं पडले, त्यांत सैन्यांत शिकून तयार झालेले वैमानिकही होते. तेव्हां फार्नबरो येथील सरकारी संशोधनशाळेंत एक पूर्ण आकाराची पिसू वाऱ्याच्या बोगद्यांत उभी करून तपासण्यांत आली. फ्रान्समध्येंही अशीच परीक्षा झाली. तिच्यांतून जें निष्पन्न झालें तें प्रत्येक विद्यार्थ्यानें समजून घेण्याजोगें आहे.

विमानाचें नाक खालीं गेलें म्हणजे चालक साहजिकच दांडा आपणाकडे ओढतो. त्यामुळें पुढच्या पंखाची पुढची कड वर होते व नाक उचललें जावें, अशी अपेक्षा असते. पण पिसवेचे दोन पंख एकमेकांस अगदीं लागून होते. पुढचा पंख कलला कीं त्याची मागची कड खालीं येई आणि दोहोंमधील फट अरुंद होई. त्या फटींतून वारा वेगानें मागच्या पंखावरून वाहूं लागे. तेणेंकरून मागचा पंखच अधिक उचलला जाई व नाक आणखी खालीं जाई. घोड्याचा लगाम खेंचावा आणि तो अधिकच उधळावा, तसा हा प्रकार! एका ठराविक उताराच्या पलीकडे नाक गेलें कीं सुटका नाहीं. जो उपाय चालक करी, तोच त्याच्या नाशास कारण होई. ब्रिटनमध्यें या विमानांस परवाने देणें थांबविण्यांत आलें.

मिन्ये लबाड नव्हता, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. तो आपल्या विमानांत स्वतः बसत असे, आणि पुढें त्यानें ती घडण सुधारलीही. पण शंभर वेळां सुखरूप उतरलों, एवढ्यावरून विमान निर्दोष ठरत नाहीं. एकशें एकाव्या वेळीं नाक किती खालीं जाईल तें कोणास ठाऊक?

कधीं कधीं दोष मूळ आराखड्यांत नसतो, तर बांधणाऱ्यानें केलेल्या लहानशा फेरफारांत असतो. अमेरिकेचे विख्यात गायक जॉन डेन्व्हर हे अनुभवी वैमानिक होते. त्यांनीं दुसऱ्यानें घरीं बांधलेलें एक विमान विकत घेतलें. त्यांत एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर पेट्रोल वळविण्याची तोटी मूळ आराखड्याप्रमाणें पुढें न बसवितां, चालकाच्या डाव्या खांद्यामागें बसविली होती. पेट्रोलची नळी बैठकीच्या जागेंत नसावी, हा बांधणाऱ्याचा हेतु चांगलाच होता. परंतु तोटी फिरवावयाची म्हणजे अंग मुरडून मागें वळावें लागे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ तें विमान समुद्रांत कोसळलें व डेन्व्हर मरण पावले. उड्डाणापूर्वीं पेट्रोलचा नीट विचार न होणें, नव्या विमानाचा पुरेसा सराव नसणें आणि तोटीची ती अडचणीची जागा, हीं सर्व कारणें चौकशींत पुढें आलीं.

म्हणूनच आज अमेरिकेंत घरीं बांधलेल्या विमानावर तें 'प्रायोगिक' असल्याचें ठळक लिहावें लागतें, आणि आरंभींचे बहुधा २५ किंवा ४० तास तें नेमून दिलेल्या प्रदेशांतच, प्रवासी न घेतां उडवावें लागतें. आपल्याकडे मुंबईंत कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवली येथील गच्चीवर विमान बांधलें व २०१६ सालीं तें प्रदर्शनांत मांडलें. ते स्वतः व्यवसायानें वैमानिक; तरीही सरकारी नोंदणी व उड्डाणाची परवानगी यांसाठीं त्यांस पुढें कांहीं वर्षें वाट पाहावी लागली. असा विलंब तरुण मनास जाचक वाटतो खरा. पण आपल्या हातून झालेली चूक आपल्याच डोळ्यांस क्वचित् दिसते. गणितांतील चूक गुरुजींच्या तांबड्या शाईनें दुरुस्त होते. आकाशांतील चुकीस तेवढी सवड मिळत नाहीं.

त्या विद्यार्थ्यास मीं निराश केलें नाहीं. प्रथम नमुना-विमानें कर, राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत त्याचें शिक्षण मिळतें, आणि पदार्थविज्ञान मन लावून शीक, असें त्यास सांगितलें. दिवाळीच्या सुटीनंतर त्यानें बांबूच्या कामट्यांचें व पातळ कागदाचें एक विमान आणून माझ्या मेजावर ठेविलें आणि म्हणाला, "सर, उडविण्यापूर्वीं आपण एकदां पाहतां काय?" विमान कांहींसें वांकडें होतें; पण प्रश्न अगदीं सरळ होता.