कोळंबी बंद, अंडं बंद

कोलेस्टेरॉल वाढलं की डॉक्टर आधी कोळंबी आणि अंडं बंद करायला सांगत. मुंबईतल्या खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात ही शिक्षा मोठीच. पुढे कळत गेलं, की बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं आणि ते वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा. ती कोळंबीत फार थोडी असते. अमेरिकेच्या आहारसूचनांतूनही रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ नंतर गेली.

आहार आणि हृदयविकार यांचं नातं इतकं सरळ आहे का, ही शंका मात्र आपल्याकडे खूप आधी निघाली होती. पश्चिम रेल्वेचे डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६७ साली देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून दाखवलं, की तूप-दूध भरपूर खाणाऱ्या उत्तरेपेक्षा दक्षिणेत हृदयविकाराचे मृत्यू सुमारे सातपट होते. पण कोणाच्या धमनीत किती ब्लॉकेज, हे त्या नोंदींतून कळणार नव्हतं.

ते अँजिओग्राफीने दिसू लागलं. १९८३ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ जेन्सिनी यांनी अडथळ्यांना गुण देण्याची पद्धत मांडली आणि रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा आकडा व आजाराची तीव्रता शेजारी ठेवून पाहता आली. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, जास्त तर आजार जास्त, हे मोठ्या गटांत दिसतं. एकेका माणसात ते ठामपणे सांगता येत नाही. मला वाटतं, सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. रिपोर्ट एका दिवसाचा, धमनीतला चरबीचा थर वीस-तीस वर्षांचा. त्यात मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांची भर. कुणाच्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या आधीच चालू असतात, आणि अ‍ॅटॅकनंतर एक-दोन दिवसांत एलडीएल आपोआपही उतरतं. शिवाय अनेकदा अ‍ॅटॅक येतो तो निम्म्याहून कमी अरुंद झालेल्या जागी, थर फुटून. म्हणून ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, छातीत गॅस असेल’ हे वाक्य ऐकलं की जीव धसकतो.

एलडीएल उतरवण्याचं मोल त्याने कमी होत नाही. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलसाठी पहिल्यांदा स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं दिली. हृदयविकार झालेल्यांचं एलडीएल ५५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली हवं, आणि लायपोप्रोटीन (ए) हा रक्तातला चरबीवाहक कण आयुष्यात एकदा तरी तपासावा. त्याचं प्रमाण मुख्यतः रक्ताच्या नात्यातून येतं, पथ्याने फारसं हलत नाही. दांड्यातल्या ज्या घरात ऐन चाळिशीत कुणाला अ‍ॅटॅक आला, तिथल्या भावंडांनी आणि मुलांनी ही तपासणी या महिन्यातच करून घ्यावी.