पाचवा नंबर आणि पहिला शनिवार

मंडळी, ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की आपल्या मिशिगनमध्ये दोन गोष्टींची धांदल सुरू होते. एक आपल्या गणपतीची आणि दुसरी कॉलेज फुटबॉलची. पहिलीची तयारी आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. हा लेख दुसरीबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं अ‍ॅन आर्बरला नाहीतर ईस्ट लान्सिंगला शिकतात, काही घरांत एक इकडे आणि एक तिकडे, त्यामुळे 'आपल्याला काय त्याचं' म्हणायची सोय आता उरलेली नाही. शनिवारी दुपारी फोन केला तर मुलगा उचलत नाही, आणि संध्याकाळी उचलला तर त्याच्या 'हॅलो'वरूनच निकाल कळतो.

खेळाचे नियम मी इथे सांगत बसणार नाही. ते मुलांना विचारावेत, ती आनंदाने सांगतात आणि दहा मिनिटांत वैतागतात. मला लिहायचं आहे ते पहिल्या एक-दोन सामन्यांच्या आधी लोकांच्या मनात जी अपेक्षा तयार होते, तिच्याबद्दल. ऑफिसातला शेजारी सोमवारी सकाळी 'या वर्षी आपण जिंकणार' असं इतक्या खात्रीने कशाच्या आधारावर सांगतो?

आधार म्हटला तर एक यादी असते. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून पत्रकारांची मतं घेऊन संघांची क्रमवारी लावते. १९५० पासून ती सीझन सुरू व्हायच्या आधीही एक यादी काढते. म्हणजे एकही सामना झालेला नाही, एकही मोजमाप घेतलेलं नाही, तरी पहिला कोण आणि पंचविसावा कोण हे छापून मोकळे. आमच्या प्रयोगशाळेत कोणी असा आलेख आणला तर त्याला हसत हसत परत पाठवतील. पण यादी काढणाऱ्यांचाही इलाज नाही. त्यांच्या हातात असतं काय? गेल्या वर्षीची आठवण, परत येणाऱ्या खेळाडूंची नावं, आणि विद्यापीठाचा जुना दबदबा. व्यावसायिक संघ, म्हणजे आपले डेट्रॉइट लायन्स वगैरे, सीझनच्या आधी दुसऱ्या संघांशी सरावाचे सामने खेळतात. कॉलेजवाल्यांना ती सोय नाही. आपला संघ नक्की कसा आहे हे कोचलासुद्धा पहिल्या खऱ्या सामन्यातच कळतं.

त्यातून हा पहिला सामना पुष्कळदा मुद्दाम सोपा ठेवलेला असतो. मोठं विद्यापीठ एखाद्या लहान विद्यापीठाला भरपूर पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतं. लहान कॉलेजला त्या एका दुपारच्या रकमेत आपल्या खेळखात्याचा मोठा खर्च भागवता येतो. मोठ्याला घरच्या मैदानावर एक सामना जास्तीचा मिळतो, लाखभर तिकिटं खपतात आणि विजय जवळजवळ हमखास. दोघांचंही बरं चालतं. त्यामुळे गंमत अशी होते की चाहत्याची खरी अपेक्षा त्या दिवशीच्या सामन्याबद्दल नसतेच. जिंकणं त्याने धरूनच ठेवलेलं असतं. प्रश्न फक्त किती गुणांनी, आणि मन केव्हाच नोव्हेंबरमधल्या ओहायो स्टेटच्या सामन्याला पोचलेलं असतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच अंगणातलं आहे: १ सप्टेंबर २००७, मिशिगन विरुद्ध अ‍ॅपलॅचन स्टेट. (आपल्याकडे सगळे 'अ‍ॅपलेशियन' म्हणतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावचे लोक 'अ‍ॅपलॅचन' म्हणतात आणि दुसरा उच्चार ऐकला की दुरुस्त करतात.)

त्या ऑगस्टमध्ये अ‍ॅन आर्बरमध्ये कुणाला वाईट स्वप्न पडायचं कारण नव्हतं. यादीत मिशिगनचा नंबर पाचवा होता. आदल्या वर्षी संघाने ओळीने अकरा सामने जिंकले होते. चॅड हेनी हा क्वार्टरबॅक, माइक हार्ट हा धावणारा गडी आणि जेक लाँग हा त्यांच्यापुढे भिंतीसारखा उभा राहणारा, हे तिघेही शेवटच्या वर्षासाठी कॉलेजात थांबले होते. समोरचा संघ खालच्या विभागातला. त्या काळी वरच्या विभागातल्या संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत, खालच्याला ६३. त्या खालच्या संघांना पत्रकारांच्या यादीत मतसुद्धा देता येत नसे. पाहुण्यांना या भेटीचे ४ लाख डॉलर मिळणार होते.

आता मागे वळून बघितलं तर जी माहिती लोकांसमोर होती तिच्यातच दुसरी बाजूही होती. अकरा विजयांनंतरचे दोन्ही सामने मिशिगन हरलं होतं. ओहायो स्टेटने ४२ गुण केले, रोझ बोलमध्ये यूएससीने ३२. म्हणजे बचावाला भोकं पडायला सुरुवात झालेलीच होती. शिवाय त्या बचावातले चार जण, लिऑन हॉल, अ‍ॅलन ब्रँच, लामार वुडली आणि डेव्हिड हॅरिस, २००७ च्या वसंतात व्यावसायिक संघांनी पहिल्या दोन फेऱ्यांतच उचलून नेले होते. परत आलेल्या तिघांची नावं सगळ्यांच्या तोंडी होती, गेलेल्या चौघांचा हिशोब फारसा कुणी मांडला नाही. आणि पाहुणे? ते २००५ आणि २००६ अशी दोन वर्षं आपल्या विभागाचे विजेते होते. त्यांचा क्वार्टरबॅक अर्मांटी एडवर्ड्स हरणासारखा पळणारा, आणि त्यांची खेळायची पद्धत मैदानभर माणसं पसरून बचावाची दाणादाण उडवायची. मिशिगनला जे जड जात होतं नेमकं तेच.

सामना सुरू झाला तो अपेक्षेप्रमाणेच. मिशिगनने पहिल्यांदा गुण मिळवले. पण मध्यंतराला फलक दाखवत होता पाहुणे २८, घरचे १७. हजर होते १,०९,२१८ लोक. टीव्हीवर पाहणारे थोडे, कारण सामना होता नव्या बिग टेन नेटवर्कवर, आणि ते चॅनेल सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. आपल्या भागातल्या कित्येक घरांत ते दिसतच नव्हतं. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना हार्टने ५४ यार्ड धावत जाऊन मिशिगनला ३२-३१ असं पुढे काढलं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मग मिशिगनचा फील्ड गोलचा, म्हणजे लाथेने चेंडू दोन खांबांमधून घालायचा, प्रयत्न अडवला गेला. २६ सेकंद उरले असताना पाहुण्यांनी आपला फील्ड गोल केला, ३४-३२. तरीही मिशिगनला शेवटची संधी मिळाली, ३७ यार्डांवरून. तीही लाथ कोरी लिंचने अडवली. संपलं. पत्रकारांच्या यादीतल्या वरच्या विभागाच्या संघाला खालच्या विभागाच्या संघाने हरवायची ही पहिलीच वेळ होती.

बूनमध्ये विद्यार्थ्यांनी आपल्या स्टेडियममधला गोलपोस्ट उपटला आणि वाजतगाजत कुलगुरूंच्या अंगणात नेऊन ठेवला. मिरवणुकीच्या बाबतीत जग सगळीकडे सारखंच.

आपल्या पिढीला हे दुःख समजायला फार लांब जावं लागत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशाने भारताला पाच गडी राखून हरवलं, आणि वर्ल्ड कपसाठी डिशवाल्याला आधीच पैसे भरून बसलेल्या आपल्या घरांत सुतकी शांतता पसरली. पण क्रिकेटमधली ती अपेक्षा बिचारे सचिन, द्रविड, गांगुली असे तिशीतले मुरलेले गडी खांद्यावर घेत होते. इथे लाखभर लोकांची अपेक्षा ज्याच्या लाथेवर टेकलेली असते तो पोरगा कॉलेजात शिकणारा, आपल्या मुलांच्या वयाचा. त्याला सोमवारी वर्गात जाऊन बसायचं असतं. २००७ मध्ये त्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळतही नसे. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला सुरुवात झाली ती २०२५ च्या जुलैपासून. पैसे मिळोत वा न मिळोत, विशीतला मुलगा तो विशीतलाच. मला या खेळातली न पटणारी गोष्ट कुठली विचाराल तर ही, आणि ती सप्टेंबरमध्ये जास्त जाणवते, कारण तेव्हाची अपेक्षा त्या मुलांनी स्वतः खेळून तयार केलेली नसते. इतरांनी यादी करून त्यांच्या गळ्यात घातलेली असते.

तर पुढे काय झालं? पहिल्या आणि दुसऱ्या सामन्याच्या मध्ये संघ सर्वांत जास्त सुधारतो, असं कोच मंडळी नेहमी सांगतात. मिशिगन दुसऱ्या आठवड्यात ओरेगनकडून ३९-७ असं हरलं. तिसरा शनिवार १५ सप्टेंबर, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. त्या दुपारी अ‍ॅन आर्बरला नोत्र दामचा संघ आला, तोही दोन्ही सामने हरलेला. मिशिगनने ३८-० असं जिंकलं. श्रेय कोणाला द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं. त्यानंतर तोच संघ सावरत गेला, शेवटी ९ विजय आणि ४ पराभव. कोच लॉइड कार यांनी नोव्हेंबरमध्ये निवृत्ती जाहीर केली आणि १ जानेवारी २००८ ला त्याच चौथ्या वर्षाच्या मुलांनी फ्लोरिडाला ४१-३५ हरवून त्यांना निरोप दिला. पण या शेवटच्या विजयाची आठवण आज कुणाला करून द्यावी लागते, आणि १ सप्टेंबरची कुणालाच नाही.

'पहिला सामना गेला म्हणजे वर्ष गेलं' अशी जी भावना तेव्हा होती तिला एक कारण होतं. त्या काळी विजेतेपदाच्या सामन्याला देशभरातून फक्त दोनच संघ निवडले जात, मतं आणि कंप्युटर यांची सांगड घालून. एक डाग लागला की दार बंद झालं असं सगळे धरून चालत. पण गंमत बघा, त्याच सीझनमध्ये दोन सामने हरलेलं एलएसयू विजेतं ठरलं. म्हणजे ज्या वर्षी ही समजूत सगळ्यांत जोरात होती त्याच वर्षी ती खोटी ठरली!

आता तर गणितच बदललं आहे. २०२४ च्या सीझनपासून विजेतेपदासाठी बारा संघ घेतले जातात. त्याच सप्टेंबरमध्ये पाचव्या नंबरच्या नोत्र दामला (पुन्हा पाचवाच!) नॉर्दर्न इलिनॉयने साउथ बेंडला येऊन १६-१४ असं हरवलं. पाहुण्यांना त्या दिवसाचे १४ लाख डॉलर मिळाले. सतरा वर्षांत भाव कुठच्या कुठे गेला ते दिसतंच. त्या संध्याकाळी नोत्र दामच्या चाहत्यांनी वर्ष संपल्याचं जाहीर करून टाकलं होतं. संघ पुढचे तेरा सामने ओळीने जिंकत २० जानेवारी २०२५ च्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. तिथे त्याला ३४-२३ असं हरवलं ओहायो स्टेटने, ज्यांनी स्वतः त्या सीझनमध्ये दोन सामने गमावले होते. त्यातला एक, आपल्या वाचकांना सांगायला नकोच, मिशिगनकडून.

दुसरा बदल खेळाडूंच्या येण्याजाण्यातला. आता खेळाडू एका विद्यापीठातून दुसऱ्यात सहज जातात, आणि तिथे लगेच खेळूही शकतात. एका उन्हाळ्यात निम्मा संघ नवा झाला तरी कुणाला नवल वाटत नाही. मग गेल्या वर्षीच्या आठवणीवर बेतलेल्या ऑगस्टच्या यादीचं वजन किती धरायचं? माझ्या मते २००७ पेक्षाही कमी. लोक मात्र तिला तेवढ्याच भक्तिभावाने वाचतात, आणि मीही वाचतो.

ज्यांची मुलं यंदा पहिल्याच वर्षाला गेली आहेत त्या आईबाबांसाठी एक-दोन गोष्टी. पहिला सामना पन्नास गुणांनी जिंकला तर मुलं हवेत असतील, त्यांना असू द्या, पण त्यातून संघाबद्दल फार थोडं कळतं. बघायचंच असेल तर पहिला अर्धा तास बघा, जेव्हा दोन्हीकडचे मुख्य गडी मैदानात असतात. वेगाने पळणारा क्वार्टरबॅक आपल्याला आवरतो का? फील्ड गोलला समोरून कुणी आत घुसतं का? नंतरचे गुण बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या पोरांनी केलेले असतात. आणि सामना हरला तर त्या संध्याकाळी फोनवर 'अरे, खेळच आहे तो' असं म्हणू नका. बांगलादेशाच्या सामन्यानंतर आपल्याला कोणी असं म्हटलं होतं तेव्हा आपल्याला कसं वाटलं ते आठवा. जेवलास का एवढं विचारावं.

आणि गणपतीच्या तारखेबद्दल, कारण कमिटीच्या बैठकीत हा वाद दरवर्षी निघतो. सप्टेंबरमधले पहिले दोन-तीन सामने किती वाजता सुरू होणार हे टीव्हीवाले साधारणपणे उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच जाहीर करतात. नंतरच्या बऱ्याच सामन्यांची वेळ मात्र बारा दिवस, कधी कधी तर सहाच दिवस आधी कळते. तेव्हा हॉल बुक करण्याआधी वेळापत्रक बघणं सहज शक्य आहे. दुपारी बाराचा सामना असेल तर आरती संध्याकाळी सातला ठेवावी, म्हणजे अ‍ॅन आर्बरची मुलं निळ्या टी-शर्टात का होईना, वेळेवर पोचतात. सामनाच साडेसातचा असेल तर सरळ रविवार धरावा. ढोलपथकातली निम्मी मुलं तिकडचीच आहेत.