पाळी गेल्यानंतरची संप्रेरके आणि स्तनाचा कर्करोग

पाळी जाण्याच्या वयात अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन आटत जाते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, योनिमार्ग कोरडा पडतो. हे संप्रेरक औषधातून देणे म्हणजे एचआरटी. मात्र नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भपिशवीचे अस्तर वाढत राहते आणि तिथे कर्करोग होऊ शकतो. म्हणून पिशवी असलेल्या स्त्रीला सोबत प्रोजेस्टोजेनही देतात. स्तनाच्या कर्करोगाचा प्रश्न मुख्यतः या जोडीचा आहे, कारण पिशवीला जपणारे हेच औषध स्तनातल्या पेशींना वाढीला लावते.

जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ची या जोडीवरची चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. तिच्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. 'धोका २६ टक्क्यांनी वाढला' ही बातमी जगभर गेली आणि असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. त्या टक्केवारीमागचा आकडा मात्र फार थोड्यांना सांगितला गेला: दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० ऐवजी ३८ रुग्ण. शिवाय सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. वाफांनी हैराण होतात त्या बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या. धोका खरा होता, पण तो असा अर्धवट सांगणे हा स्त्रियांवर अन्यायच होता.

त्याच प्रकल्पात पिशवी काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले, तेव्हा स्तनाचा कर्करोग उलट कमी आढळला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, ५८ अभ्यास एकत्र करणाऱ्या विश्लेषणात मात्र नुसत्या इस्ट्रोजेननेही किंचित वाढ दिसली. त्याचा हिशेब असा: पाश्चात्त्य देशांत एचआरटी न घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण ६.३ जणींना ५० ते ६९ या वयात हा कर्करोग होतो. पन्नाशीपासून पाच वर्षे नुसते इस्ट्रोजेन घेतल्यास ६.८, रोज दोन्ही संप्रेरके घेतल्यास ८.३. वर्षभराच्या आत थांबल्यास वाढ नगण्य. दीर्घकाळ घेतल्यास धोका औषध सोडल्यावरही दहा वर्षांहून अधिक रेंगाळतो. योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही.

स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीला एचआरटी सहसा देत नाहीत. कमी वयात अंडाशय गेलेल्यांची गोष्ट वेगळी. बीडमधील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये गाजले. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले, तर पस्तिशी-चाळिशीतच हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तेव्हा पाळी एरवी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणे म्हणजे शरीराचे हिरावलेले संप्रेरक परत देणे. पन्नाशीनंतरच्या उपचारांचे आकडे त्यांना लावता येत नाहीत.